नानांच्या मंगळवारांचा छडा

"ताई, आजोबांनी पेपर बंद केला. जरा बघा."

पेपरवाल्यानं जिन्यात मला हे सांगितलं तेव्हा माझ्या एका हातात दूध होतं, दुसऱ्या हातात लेक होती आणि लेकीचा डबा दातांत धरावा का, असा विचार चालू होता. "हो हो, बघते," मी म्हटलं. पेपर बंद करणं हा काही गुन्हा नाही. डोळे दुखत असतील, बातम्यांचा वीट आला असेल. शिवाय त्याचं एक गिऱ्हाईक तुटलं होतं, म्हणजे त्याच्या साक्षीत त्याचा स्वार्थ होता. असल्या साक्षी मी ग्राह्य धरत नाही.

यावरून तुमच्या लक्षात आलं असेल की तुम्ही एका गुप्तहेराचं लिखाण वाचत आहात. कागदोपत्री मी एका चार वर्षांच्या मुलीची आई आहे, पण कामाचं स्वरूप तेच. शेजारच्या खोलीतली नुसती शांतता ऐकून मी सांगू शकते की भिंतीवर कोणत्या रंगाचा खडू चालला आहे. मानसशास्त्राची पदवी आहे, तीही द्वितीय श्रेणीत, म्हणजे पुस्तकांत फार अडकून न पडता मिळवलेली. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघते, कुलूप दोनदा ओढते आणि बसमध्ये बसल्यावर हे सगळं खरंच केलं का, ते आठवत बसते. घरातलं काहीही माझ्या नजरेतून सुटत नाही. हरवलेला रिमोट तांदळाच्या डब्यातून शोधून काढला तो मीच. तो तिथे ठेवला होता तोही मीच, ही बाब नंतर उघड झाली, पण त्यानं तपासाचं मोल कमी होत नाही.

घरात आम्ही पाच जण. मी, माझी लेक चिमणी, आणि नवरा, जो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" असं विचारतो. त्याला मी सहायक नेमलं आहे. त्याला विचारलेलं नाही. शिवाय सासूबाई, म्हणजे आई, आणि सासरे, म्हणजे नाना. नाना चौतीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेले सगळे पैसे त्यांनी एका फायनान्स कंपनीत मुदत ठेवीत ठेवले होते. त्या पैशांतून आईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया व्हायची होती. आई आता स्वयंपाकघरातून गॅलरीत जायच्या ते भिंत, फ्रीज, टेबल, खुर्ची अशा चार थांब्यांनी. डॉक्टरांनी महिन्यानंतरची तारीख दिली होती. ठेवीची मुदत कधीच संपली होती. आणि पैशांचा विषय काढला की नाना म्हणायचे, "होईल, होईल," आणि उठून कुठल्या तरी नळाला गळती आहे का ते बघायला जायचे.

इथे एखाद्या सामान्य माणसाला संशय आला असता. मला तर आलाच. फक्त तो कंपनीवर आला नाही. कंपनीचा एजंट दर वर्षी स्वतः येऊन कॅलेंडर देऊन जायचा. आईंच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, तीही डावा-उजवा लक्षात ठेवून. चिमणीला त्यानं एकदा फुगा आणला होता. व्याज सगळ्यांपेक्षा दीड टक्का जास्त. अशा माणसाला मी संशयितांच्या यादीतून पहिल्याच दिवशी वगळलं. माणसं वाचता यावी लागतात.

मला संशय आला तो नानांवर.

पुरावे असे. एक, दर मंगळवारी सकाळी दहाला नाना इस्त्रीचा शर्ट घालून "वाचनालयात जाऊन येतो" म्हणून निघायचे आणि तीनच्या पुढे परतायचे. दोन, चहातली साखर त्यांनी अर्धी केली होती. तीन, केस कापायला न्हाव्याकडे न जाता ते आरशासमोर स्वतःच कापत होते आणि मागच्या बाजूला जे झालं होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. चार, मंगळवारी परतल्यावर त्यांच्या शर्टाला बामाचा वास यायचा. नाना बाम लावत नाहीत.

मी तपासवही उघडली. चिमणीच्या चित्रकलेच्या वहीची मागची बाजू, पण कागद उत्तम होता.

पहिला निष्कर्ष: स्मृतिभ्रंश. पेपर वाचलेला आठवत नाही म्हणून बंद. चहात साखर किती घालायची ते आठवत नाही. न्हावी कुठे बसतो ते आठवत नाही. सगळं बसत होतं. मी नानांची सहज गप्पा मारल्यासारखी परीक्षा घेतली.

"नाना, आपण या घरात कधी आलो हो?"

नानांनी वर्ष, महिना, तारीख, वार आणि सामान चढवणाऱ्या माणसांनी कपाटाचा कुठला पाय मोडला ते सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली गं?"

"सहा."

"सात," नाना म्हणाले. "झोप होते ना नीट?"

दुसरा निष्कर्ष: परस्त्री. बामाच्या वासावरून. सहायकाला हे सांगितलं तेव्हा तो भाजी चिरत होता.

"नाना?" तो म्हणाला. "घरच्या बाईशी बोलताना ते दोन वाक्यांत दमतात. दुसरीकडे काय बोलत असतील?"

"बोलत नसतील. बामाच्या वासावरून वयस्कर बाई असणार. दोघं शांत बसत असतील."

"मग बसू दे की."

सहायकाला धोका कळत नाही ही माझी जुनी तक्रार आहे.

तिसऱ्या निष्कर्षाला मात्र लेखी पुरावा होता. इस्त्रीला टाकायच्या शर्टाच्या खिशात एका पोस्टकार्डाची झेरॉक्स सापडली. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं: "तिसरे व अंतिम स्मरणपत्र. आपण नेलेली ठेव मुदत उलटूनही परत आलेली नाही. चौदा दिवसांत परत न केल्यास नियमानुसार पुढील कारवाई करण्यात येईल."

मी सहायकाला दुकानात फोन केला. "नानांना कोणीतरी धमकावतंय. त्यांच्याकडे कुणाची तरी ठेव आहे. ती परत मागतायत. चौदा दिवस दिलेत."

"मला फोटो पाठव."

पाठवला. दोन मिनिटांनी त्याचा फोन आला. "अगं, हे नानांचंच अक्षर आहे."

मी तो कागद उजेडात धरून पुन्हा पाहिला. तपासात असे क्षण येतात.

"म्हणजे," मी म्हटलं, "नानाच कुणाला तरी धमकावतायत."

"माझ्यासमोर गिऱ्हाईक बसलंय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढच्या मंगळवारी मी पाळत ठेवली. चिमणीला बालवाडीची सुट्टी होती, त्यामुळे तिला बरोबर घ्यावं लागलं. काळा चष्मा लावला. नाना बसमध्ये पुढे बसले, आम्ही मागे. चिमणीनं तीन थांबे तोंडावर बोट ठेवलं, मग बसभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तिला शू लागली आहे. नाना मागे वळले नाहीत. त्यांना हल्ली डाव्या कानानं कमी ऐकू येतं, याची नोंद मी पूर्वीच केलेली होती.

नाना उतरले ती एक व्यापारी इमारत होती. खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूला चपलांचं. मधल्या गाळ्याचं शटर अर्धं खाली, आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून एकेक माणूस आत चालला होता. सगळे म्हातारे. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कापडी पिशवी, आणि प्रत्येकाच्या पिशवीत एक फाइल. दारात नाना उभे राहून प्रत्येकाला चिठ्ठीवर नंबर लिहून देत होते. एक उंच, हडकुळे काका, भर उन्हात राखाडी मफलर गुंडाळलेले, नानांच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. नानांनी मान डोलावली आणि इकडेतिकडे पाहिलं.

चौथा आणि अंतिम निष्कर्ष मी तिथेच, चपलांच्या दुकानाच्या आडून काढला: टोळी. संघटित, शिस्तबद्ध, सरासरी वय बहात्तर. आणि म्होरक्या आमचे नाना.

पुढचा तपास चिमणीच्या शूमुळे स्थगित झाला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी टोळीचा आराखडा काढत असताना दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई होत्या. आता निवृत्त आहेत, पण अजूनही समोरच्याच्या डोळ्यांकडे आधी बघतात आणि चेहऱ्याकडे मग. त्या आत आल्या तशी घरभर बामाचा वास पसरला. मी वहीत दुसऱ्या निष्कर्षापुढे बरोबरची खूण केली.

"नाना आहेत का गं?"

"आंघोळीला गेलेत. काही निरोप?"

"त्यांना म्हणावं, उद्या गुरुवार. पाचच्या आत अर्ज गेला पाहिजे. काल पण नुसते नंबर वाटत बसले, स्वतःचा अर्ज भरलाच नाही."

"कसला अर्ज?"

"ठेवीचा. कंपनी बुडाली ना." हे त्यांनी बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तशा सुरात सांगितलं. "पाच महिने होत आले. सरकारनं प्रशासक नेमलाय, तो मंगळवारी कंपनीच्या जुन्या कचेरीत लोकांना भेटतो. ज्यांचे अर्ज येतील त्यांची नावं यादीत. बाकीच्यांनी बसावं वाट बघत. पेपरात केवढं आलं होतं, वाचलं नाहीस?"

"आमचा पेपर बंद आहे," मी म्हटलं.

"हो का," नर्सबाई म्हणाल्या. "कधीपासून?"

मी बोटांवर महिने मोजले. पाचव्या बोटावर खाली बसले.

माणूस काय चोरून नेतोय हे शोधताना मी घरात काय यायचं बंद झालंय ते बघितलंच नव्हतं. नानांनी पेपर बंद केला, कारण तो सकाळी सगळ्यांच्या आधी आईंच्या हातात पडायचा.

नाना टॉवेलनं मागचे अर्धवट कापलेले केस पुसत बाहेर आले. नर्सबाईंना पाहिलं, मला पाहिलं, आणि स्वयंपाकघरातला नळ बघायला निघाले.

"नाना, बसा," मी म्हटलं. सासऱ्यांशी या सुरात मी याआधी कधी बोलले नव्हते. ते बसले.

"अर्ज का भरला नाहीत?"

"अजून सवलतीचे दिवस चालू आहेत," नाना म्हणाले.

"कुणाचे?"

"कंपनीचे. तीन स्मरणपत्रं, त्यानंतर चौदा दिवस. मगच कारवाई. शनिवारी चौदा दिवस पूर्ण होतात."

"आणि अर्जाची तारीख उद्या संपतेय."

"त्यांनी तारीख ठरवताना विचार करायला हवा होता. चौतीस वर्षं मी एकाही वाचकाला सवलतीचे दिवस संपायच्या आत दंड लावलेला नाही."

"नाना, ती कंपनी आहे. ती काही कादंबरी घेऊन गेलेली नाही."

"पाहिलंस?" नर्सबाई मला म्हणाल्या. "मी यांना ठेवीची मुदत संपायच्या दोन महिने आधी सांगितलं होतं, मोडा ती ठेव. माझी मी मोडली अर्धी, उरलेल्या अर्धीसाठी दर मंगळवारी यांच्याच शेजारी बसते तिथे. हे म्हणतात, मुदतीच्या आत वाचकाच्या हातातून पुस्तक काढून घेणं बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाहीच," नाना म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मी फाइल मागितली. मूळ पावती, व्याजाच्या नोंदी, सगळं तारखेवार लावलेलं होतं. अर्जही होता, पेन्सिलनं पूर्ण भरलेला. नाव, पत्ता, पावती क्रमांक, मुदत. एकच चौकोन रिकामा होता. त्याच्या वर छापलेलं होतं: दुसऱ्या ठेवीदाराची सही.

ठेव दोघांच्या नावावर होती.

नाना चौकोनाकडे बघत नव्हते. ते आई बसल्या होत्या त्या गॅलरीकडे बघत होते. स्मरणपत्रं, सवलतीचे दिवस, वाचकाचा मान, हे सगळं त्या एका सहीसाठी होतं. सही मागायची तर सांगावं लागलं असतं की तुझे गुडघे मी दीड टक्क्यासाठी ठेवून आलो.

एवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग टेबलावर हात पडल्याचा. मग फ्रीजचं दार कुरकुरलं. भिंतीला धरून आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"कुठे करायची सही?" त्या म्हणाल्या.

नानांनी अर्ज हातानं झाकला.

"आई, तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं. हातात वही होतीच.

"हे मला सांगतात, मंगळवारी वाचनालयात जातो. चौतीस वर्षं वाचनालय मंगळवारी बंद असतं. चौतीस वर्षं मंगळवारी दुपारी मी यांना घरी गरम जेवायला वाढलंय." आई नानांकडे वळल्या. "निदान खोटं बोलायला दुसरा वार तरी निवडायचात. बाकीचं आत्ता गॅलरीत ऐकू आलं."

"मग विचारलं का नाहीत त्यांना?"

"वाट बघत होते. सांगतील म्हटलं. सहा वेळा चहा घेऊन जवळ जाऊन बसले, सहाही वेळा हे नळ बघायला गेले." त्यांनी हात पुढे केला. "पेन द्या. सही करायला गुडघे लागत नाहीत."

नाना म्हणाले, "तुझ्या शस्त्रक्रियेचे होते गं."

"माहीत आहे कशाचे होते. माझेच गुडघे आहेत, माझ्याचकडे असतात दिवसभर."

नानांनी पेन दिलं. ते पेन्सिलीचं अक्षर शाईनं गिरवायला लागले. आईंनी कागद सरकू नये म्हणून दोन बोटांनी दाबून धरला. नर्सबाई मला हळूच म्हणाल्या, "तू जरा चहा टाक. साखर नेहमीइतकी."

गुरुवारी आम्ही सगळे गेलो. सहायकानं दुकानातून सुट्टी घेतली होती. झेरॉक्सवाल्यानं त्या दिवशी पानाचा दर दुप्पट केला होता आणि वर "ज्येष्ठांना प्राधान्य" अशी पाटी लावली होती. आत भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर अजून टांगलेलं होतं, पाच महिन्यांपूर्वीच्या पानावर थांबलेलं. फुगेवाल्या एजंटचा फोन बंद होता. तो आता विमा विकतो, असं एका आजींनी सांगितलं, आणि अजूनही गुडघ्यांची चौकशी करतो.

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज उलटापालटा केला.

"पैसे कधी मिळतील?" सहायकानं विचारलं.

"मिळतील तेव्हा मिळतील."

"किती?"

"मिळतील तेवढे." त्यानं शिक्का मारला. "पुढचे."

नानांनी त्या शिक्क्याकडे निरखून पाहिलं. "तारीख तिरकी उमटलीय," ते म्हणाले. "पुन्हा मारा." आणि त्यानं पुन्हा मारला. पाच महिन्यांत कंपनीकडून त्यांनी मिळवलेली ही पहिली गोष्ट होती.

डॉक्टरांशी बोललो. सध्या एकच गुडघा करायचा, सहायकाच्या आणि माझ्या साठलेल्या पैशांतून. आई म्हणाल्या, उजवा करा, डाव्यानं त्यांच्याशी कधी दगाबाजी केलेली नाही. नाना म्हणाले, बाकीच्यांचं काय ते बघायला मंगळवारी मी जातच राहणार. आता ते घरी सांगून जातात.

प्रकरण संपलं. छडा कुणी लावला, असं सहायक चारचौघांत मुद्दाम विचारतो. मी सगळ्यांवर नजर ठेवली, खिसे तपासले, बसमधून पाठलाग केला, आणि "नाना, ठेवीचं काय झालं?" एवढं एकदा समोर बसून, उत्तर मिळेपर्यंत न उठता विचारलं नाही. विचारायला भीती वाटत होती, हे खरं. त्यांना सांगायला जितकी वाटत होती तितकीच.

पण हे सगळं मी लिहिलं ते एका वेगळ्या कामासाठी.

त्या गुरुवारी रांगेत राखाडी मफलरवाले काका नव्हते. त्यांचा एकेचाळीस नंबर नानांनी पाच वेळा पुकारला. मंगळवारी, मी चपलांच्या दुकानाआडून बघत होते तेव्हा, ते नानांच्या कानात म्हणाले होते, हे नानांनी नंतर सांगितलं, की मुलाला यातलं काही माहीत नाही, अर्ज घरी नेला तर दिसेल, म्हणून तुमच्याकडेच ठेवा. तो अर्ज नानांच्या फाइलमध्ये आहे. कोरा. दुसऱ्या ठेवीदाराच्या जागी त्यांच्या पत्नीचं नाव यायचं की नाही, हेसुद्धा आम्हाला माहीत नाही. नाव-पत्ता त्यांनी कुणालाच दिला नव्हता, फोन नंबरही नाही, घरी दुसरं कुणी उचलेल म्हणून. नंतरच्या दोन मंगळवारीही ते आले नाहीत.

उंच आहेत. बोलताना आधी समोरच्याची क्षमा मागतात. बसनं येतात, दोन थांबे आधी उतरून चालत. तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, तुमच्या स्वतःच्या घरात मागच्या खोलीत असे कुणी असतील, मंगळवारी बाहेर जायचे आणि आता जात नसतील, तर कृपा करून पाळत ठेवू नका. वही काढू नका. दार वाजवा आणि विचारा. "होईल, होईल" म्हणाले तरी उठू नका.

आणि त्यांना सांगा की अर्जाची मुदत एक महिना वाढवली आहे. मूळ पावती हवी, बाकी सगळं आम्ही भरून देऊ. रांगेत त्यांचा नंबर नानांनी धरून ठेवला आहे.